पडलेल्या मामिया सी३३० चा फोकस अडखळतोय, नॉब फिरवताना खर्र लागतं. काय करावं?

कऱ्हाडचा_धनू
नमस्कार मंडळी. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मामिया सी३३० (दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा, वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालचीने फोटो) गौरी जेवणाच्या दिवशी पडला. सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढू म्हणून कपाटातून काढून मी टेबलावर ठेवला होता आणि भाचीने खेळता खेळता टेबलक्लॉथ ओढला. उंची अडीच फूट असेल पण खाली शहाबादी फरशी. डाव्या अंगावर पडला, म्हणजे डावा फोकस नॉब आधी टेकला आणि मग बाकीचा कॅमेरा. लेन्स (८० एमएम एफ २.८, निळ्या ठिपक्याची) फुटली नाही, शटर सगळ्या स्पीडला वाजतंय, क्रँक फिरतोय, वरचं हूड जरा चेपलंय पण उघडतंय.

भानगड आहे ती फोकसची. आधी एका बोटाने फिरायचा. आता नॉब फिरवला की मधेच जड होतो, बोटाला खर्र असं काहीतरी लागतं, मग एकदम सुटतो आणि पुढे जातो. अजून जोर लावून बघितलेला नाही, भीती वाटते. अप्पांनी याच कॅमेऱ्यावर कऱ्हाड आणि आसपासच्या गावातली किती लग्नं काढली त्याला मोजदाद नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त कॅमेरा हातात घेऊन नॉब हळूच एकदा पुढे एकदा मागे फिरवून बघितला आणि परत पेटीत ठेवला. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

घरी काही करता येईल का? का सरळ मेकॅनिककडे? आणि मेकॅनिककडे गेलो तर त्याला काय सांगायचं?

ठाणेलोकल
अरेरे. भाचीला लागलं नाही ना कुठे? पावणेदोन किलोचं धूड आहे ते.

कऱ्हाडचा_धनू
नाही नाही, ती ठणठणीत. रडली मात्र खूप, अप्पांनीच समजूत काढली.

मिरजमळा
डब्ल्यूडी ४० मार दोन फवारे, मोकळा होईल. माझ्या गेटच्या बिजागऱ्यांना तेच मारतो दर पावसाळ्याच्या आधी.

लालदिवा
धनू, कृपा करून हे करू नकोस!! मिरजमळा, राग मानू नका पण कॅमेरा म्हणजे गेट नाही. ते तेल पातळ असतं, एका जागी राहत नाही, पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जातं आणि पाती एकमेकांना चिकटली की एक सेकंदाचा शटर दोन सेकंद उघडा राहतो. वर फवाऱ्याचा वास आणि थर लेन्सच्या आतल्या काचेवर. मी स्वतः एका जुन्या यशिकात हे निस्तरलंय, पात्यांवरचं तेल काढायला लायटरच्या पेट्रोलने चार वेळा धुवावं लागलं.

आणि दुसरं म्हणजे कॅमेरा पडायच्या आधी मऊ होता आणि पडल्यावर अडखळायला लागला. ग्रीस काय एका दुपारीत वाळतं का? काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. तेल घालून वाकडं सरळ होत नाही.

मिरजमळा
बरं बाई, शब्द मागे घेतो. गेटलाच मारेन.

उद्यमनगर
कोल्हापुरात टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काम करतोय, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही पण रॅक-पिनियन रोज हाताखालून जातं, त्यामुळे सांगतो. फोटो बघितले मी या कॅमेऱ्याचे. दोन्ही बाजूचे नॉब एकाच शाफ्टवर आहेत, शाफ्टवर दोन पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकं, आणि लेन्सचं पुढचं पॅनल दोन दातेरी पट्ट्यांवर, म्हणजे रॅकवर, पुढे मागे सरकतं. म्हणजे डाव्या नॉबवर मार बसला की तो मार सरळ शाफ्टला.

आता खोलायच्या आधी एक काम कर. नॉबच्या कडेला स्केचपेनने एक बारीक खूण कर आणि समोर बॉडीवर एक चिकटपट्टी लाव. नॉब अगदी हळू फिरव आणि जिथे जिथे खर्र लागतं तिथे पट्टीवर खूण कर. मग बघ, अडखळणं दर फेऱ्याला एकदा, नॉबच्या त्याच जागी येतंय, का भाता (पॅनल आणि बॉडीच्या मधली घड्यांची पिशवी) ठराविक लांबीला उघडला की येतंय. दर फेऱ्याला येत असेल तर दोष फिरणाऱ्या गोष्टीत, म्हणजे शाफ्ट वाकलाय नाहीतर नॉब बॉडीला घासतोय. ठराविक लांबीलाच येत असेल तर दोष सरकणाऱ्या गोष्टीत, म्हणजे रॅकचा एखादा दात चेपलाय किंवा पट्टीला खोक पडलीय. यंत्र सांगतं सगळं, आपण हात हलका ठेवायचा.

लालदिवा
व्वा. हे मी कुठल्याच कॅमेऱ्याच्या पुस्तकात वाचलं नाहीये.

बारा_फ्रेम
उद्यमनगर साहेबांना दंडवत. त्यात एक भर: आधी फोकस लॉक पूर्ण सुटलाय का बघ. सी३३० च्या काही मॉडेलांना नॉबजवळ फोकस लॉकचा लीव्हर असतो, पडल्यावर तो अर्धवट बसला की पण नॉब जड होतो. माझ्या मित्राने याच कारणासाठी कॅमेरा मुंबईला पाठवला आणि मेकॅनिकने लॉक सोडून परत दिला, पैसे पण घेतले नाहीत म्हणे.

दुसरं, लेन्स काढून परत बसव. ती तारेची क्लिप नीट बसली नसेल तर लेन्सबोर्ड एका बाजूने उचललेला राहतो. लेन्स काढताना बाजूचा नॉब अनलॉकवर घ्यायला विसरू नकोस, त्याने आतला पडदा वर येतो आणि फिल्मवर उजेड जात नाही. फिल्म भरलेली आहे का आत?

कऱ्हाडचा_धनू
लॉक मोकळा आहे, दोनदा बघितलं. लेन्स काढून बसवली, क्लिप टक्क बसली. आत फिल्म आहे, सात फ्रेम झाल्यात आणि त्यातल्या चार अप्पांनी काढलेल्या आहेत. त्यामुळे मागचं झाकण उघडणार नाही अजून.

खुणा करतो आज रात्री.

नागपुरी_ऊन
जरा वेगळं बोलतो, रागावू नका. आज एका फिल्मचे पैसे, धुवायचे पैसे, स्कॅनचे पैसे, त्यात बारा फोटो. आता हा खर्च. एवढ्यात एक बरा सेकंडहँड डिजिटल येतो. कॅमेरा कपाटात शोभेला ठेवा, आठवण म्हणून ठीक आहे. मला खरंच समजून घ्यायचंय की दुरुस्त करून मिळतं काय?

बारा_फ्रेम
प्रश्न रास्त आहे त्यामुळे नीट उत्तर देतो. या कॅमेऱ्याची सहा बाय सहा सेंटीमीटर म्हणतात ती निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिमी बाय ५६ मिमी असते, ३५ एमएमच्या साडेतीन पट क्षेत्रफळ. त्यावरून बारा इंची प्रिंट काढली की नऊवारीच्या काठाचा विणकाम दिसतो, अक्षरशः धागा मोजता येतो. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. कमरेपाशी कॅमेरा धरून मान खाली घालून बघायचं, समोरच्याला वाटतं हा आपल्याला नमस्कार करतोय. खेड्यातली म्हातारी माणसं डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यासमोर ताठरतात, याच्यासमोर नाहीत. मी पंढरपूरच्या वाटेवर तीन वर्षं हेच बघतोय.

लालदिवा
आणि मामियाचं अजून एक. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांमध्ये लेन्स बदलता येणारी ही एकच मोठी मालिका होऊन गेली, १९५७ च्या मामियाफ्लेक्स सी पासून. ५५ पासून २५० एमएमपर्यंत लेन्स मिळायच्या. सी३३० आला १९६९ ला. यशिका, रोलाय यांची लेन्स आहे तीच. आणि मामियाला भाता असल्यामुळे ८० एमएमने पण अगदी जवळ जाता येतं. मंगळसूत्राचे, मेंदीच्या हाताचे क्लोजअप स्टुडिओवाले यावरच काढायचे. म्हणून तर फोकसची गाडी इथे एवढी लांब सरकते आणि पडल्यावर तीच आधी मार खाते. फायदा आणि दुखणं एकाच जागी आहे.

देवगड_हापूस
नऊवारीच्या काठाची वीण दिसते म्हणा हो, विणकाम पुल्लिंगी नाही :) बाकी सगळ्याशी सहमत.

आमच्याकडे कोकणात कॅमेरा पडायची गरजच लागत नाही, जून ते सप्टेंबर बुरशी घरबसल्या येते. माझ्या आजोबांच्या यशिका मॅटच्या बघायच्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली होती. आता तांदळाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, दर महिन्याला जेल तव्यावर गरम करून परत निळं करून घेतो.

ठाणेलोकल
तांदळाच्या डब्यात म्हणजे तांदळासकट?

देवगड_हापूस
रिकाम्या डब्यात हो! तांदळाची धूळ लेन्समध्ये घालू काय.

कऱ्हाडचा_धनू
मंडळी खुणा झाल्या. भाता पूर्ण आत ते पूर्ण बाहेर नेताना दर फेऱ्याला एकदा खर्र लागतंय आणि सगळ्या वेळी नॉबवरची खूण घड्याळातल्या चारच्या आसपास असते. उजव्या नॉबने फिरवलं तरी तसंच. आणि उद्यमनगर काका, टॉर्च लावून बघितलं तर डावा नॉब फिरताना चक्क हेलकावे खातोय, एका बाजूला बॉडीपासून नखभर अंतर आणि चारला आला की कातड्याला टेकतोय. तिथे कातड्यावर नवीन चकाकी आलीय घासून घासून.

उद्यमनगर
मिळालं. शाफ्ट वाकलाय, डाव्या टोकाला. चांगली गोष्ट म्हणजे रॅकचे दात बहुतेक शाबूत आहेत. आता तो नॉब अजिबात फिरवत बसू नकोस. वाकडा शाफ्ट फिरवला की पिनियन रॅकमध्ये एकदा खोल जातो आणि एकदा वर येतो, पितळेचे दात असले तर चार दिवसात खातात. शाफ्ट सरळ होतो. खाल्लेला दात परत येत नाही.

सातासमुद्रापार
मी हल्ली जर्मनीत असतो, ब्राउनश्वाइगपासून तासाभरावर, म्हणजे जिथे १९२९ साली पहिला रोलायफ्लेक्स झाला ते गाव. इथल्या एका क्लबात जुने मेकॅनिक काका येतात. पडलेला कॅमेरा आला की ते नॉबला हातच लावत नाहीत. आधी पुढचं पॅनल फिल्मला समांतर आहे का तेवढंच बघतात. त्यांचं म्हणणं असं की फोकस मऊ चालतो का ही हाताची गोष्ट, पॅनल सरळ आहे का ही फोटोची गोष्ट. दोन्ही वेगळ्या आहेत. मऊ झाला म्हणून सरळ झाला असं धरू नका.

बारा_फ्रेम
सातासमुद्रापार, हे फार महत्त्वाचं बोललात. धनू, हे तपासलंस का? भाता दोनेक सेंटीमीटर उघड, आणि बॉडीच्या पुढच्या कडेपासून पॅनलच्या मागच्या कडेपर्यंत व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीने, माप घे, डावीकडे, उजवीकडे, जमलं तर वर आणि खाली पण. चारही मापं सारखी यायला हवीत.

कऱ्हाडचा_धनू
व्हर्नियर शेजारच्या वर्कशॉपमधून आणला. तीन तीन वेळा मोजलं, नॉब एकदाच फिरवलाय, काका ओरडू नका.
डावीकडे २०.४ मिमी. उजवीकडे २०.९ मिमी. वर-खाली फरक जवळजवळ नाही.
अर्धा मिलिमीटर. एवढ्याने काही होतं का?

लालदिवा
होतं. हिशेब करून सांगते.

दोन मापांच्या जागांमधलं अंतर ७० मिमी धरू. ७० मिमीत अर्धा मिमी म्हणजे लेन्स साधारण ०.४ अंशाने एका बाजूला वळलीय. लांबच्या विषयासाठी लेन्स जेवढी वळते तेवढंच प्रतिमेचं प्रतल पण वळतं. म्हणजे फिल्मच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या २८ मिमीत फोकस ०.२ मिमीने सरकला, एका कडेला पुढे आणि दुसऱ्या कडेला मागे. आता लेन्स किती सूट देते? ढोबळ सूत्र, एफ नंबर (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तेवढं तोंड मोठं) गुणिले अस्पष्टतेचं वर्तुळ (ठिपका एवढा पसरला तरी डोळ्याला धारदार वाटतो), ते सहा बाय सहासाठी ०.०५ मिमी धरतात. एफ २.८ ला ०.१४ मिमी पुढे मागे चालतं. एफ ५.६ ला ०.२८. एफ ८ ला ०.४.

म्हणजे एफ २.८ ला दोन्ही कडा मऊ येणार. एफ ५.६ ला जेमतेम झाकलं जाणार आणि एफ ८ ला फ्लॅश मारून काढलेल्या लग्नाच्या फोटोत कुणाला कळणारही नाही. म्हणून कितीतरी जण पडलेला कॅमेरा वर्षानुवर्षं वापरतात आणि त्यांना पत्ता नसतो.

बारा_फ्रेम
आणि नशीब म्हणा की वळलाय तो डावी-उजवीकडे. वर-खाली वळला असता तर वेगळाच घोळ. बघायची लेन्स आणि फोटो काढायची लेन्स एकाच बोर्डवर आहेत, दोघींच्या मध्यात ५० मिमीचं अंतर. बोर्ड पुढे झुकला की एक लेन्स फिल्मपासून लांब जाते आणि दुसरी जवळ येते. ०.४ अंशाला साडेतीन दशांश मिलिमीटर फरक. म्हणजे काचेवर डोळे टकाटक फोकसमध्ये आणि फिल्मवर कान. लोक मग स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात, चष्मा बदलतात.

ठाणेलोकल
माझ्या रोलायकॉर्डचं (तोही दोन लेन्सचाच) हेच चालू असणार बहुतेक!! मी खरंच चष्मा बदलला मार्चमध्ये. तो पण विकत घेतला तेव्हाच पडलेला होता, कोपऱ्यावर खोक आहे. कसं तपासू? बघायच्या काचेवर विश्वास ठेवायचा नाही म्हणता मग कशावर ठेवायचा?

बारा_फ्रेम
फिल्मच्या जागेवर. फिल्म नसताना मागचं झाकण उघड, कॅमेरा ट्रायपॉडवर. घोटीव काचेचा एक तुकडा घे, जुन्या कॅमेऱ्याची फोकसिंग स्क्रीन असली तर उत्तम, नाहीतर साधी काच व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने घोटून घे, पंधरा मिनिटांचं काम आहे. खरखरीत बाजू लेन्सकडे करून आतल्या पट्ट्यांवर टेकव, जिथे प्रत्यक्ष फिल्म टेकते त्या. बाहेरच्या पट्ट्यांवर नाही, त्या प्रेशर प्लेटसाठी, म्हणजे मागून फिल्म दाबून धरणाऱ्या पत्र्यासाठी, असतात. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडा राहतो तो), केबल रिलीज लावून स्क्रू घट्ट, म्हणजे उघडा राहील. समोर विटांची भिंत किंवा गच्चीवरून लांबचं झाड. वरच्या काचेवर फोकस कर, मग लूपने, म्हणजे भिंगाने, मागच्या काचेवर बघ. मधे नीट आहे का, मग डावी कड, मग उजवी. ट्रेसिंग पेपर ताणून लावू नकोस, मधे पोट येतं.

नागपुरी_ऊन
हे सगळं वाचून मी माळ्यावरून बाबांचा यशिका ६३५ काढलाय. एवढंच सांगायचं होतं.

लालदिवा
नागपुरी_ऊन, फार आनंद झाला! आधी भात्या-बित्याची भानगड नाही त्यात, पण शटर सगळ्यात हळू स्पीडवर दहा-बारा वेळा चालवून बघा आणि फोटो टाका.

धनू, तुझ्या कॅमेऱ्याला भाता आहे म्हणून सांगते, अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च धरून भात्याच्या कोपऱ्यांना बघ. पडताना घडी चिरडली गेली असेल तर टाचणीएवढ्या भोकातून पण उजेड शिरून प्रत्येक निगेटिव्हवर धुरकट डाग पडतो. फिल्म संपल्यावर बघ अर्थात.

कऱ्हाडचा_धनू
उरलेल्या पाच फ्रेम आज संपवल्या. नॉबला हात न लावता, फोकस होता तिथेच ठेवून मी मागे पुढे सरकलो. अप्पा, आई, भाची, अंगणातली जास्वंद आणि शेवटची परत अप्पा. फिल्म काढून ठेवली. टॉर्च लावून भाता बघितला, एकही भोक नाही.

आता कॅमेरा घेऊन पुण्याला एका जुन्या मेकॅनिककडे जातोय, अप्पांच्या ओळखीचे आहेत. मुंबईत बोरा बाजारात पण कुणी असतील पण अप्पा म्हणाले यांच्याकडेच जा.

उद्यमनगर
जा. त्यांना म्हणावं शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही पिनियन आणि रॅकच्या दातांवर खूण करा. परत बसवताना एका बाजूला एक दात जरी पुढे मागे झाला तर पॅनल तिरकं बसणार, आणि एक दात म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्तच फरक.

कऱ्हाडचा_धनू
अपडेट. (उशीर झाला, मधे दिवाळी.)

मेकॅनिक काकांनी माझ्यासमोर खोललं. त्यांना ही स्केचपेनची गोष्ट सांगितली तर हसले, म्हणाले अर्धं काम करून आलायस. शाफ्ट काढला, काचेच्या तुकड्यावर ठेवून लोळवला. डावीकडचं टोक असं वर खाली होत होतं की उघड्या डोळ्यांनी दिसलं. दात मात्र एकही खाल्लेला नाही. नवीन शाफ्ट मिळणार नाही म्हणाले. हातोडीने मी सरळ करणार नाही, मोडला तर तुझ्या वडिलांना तोंड दाखवता येणार नाही. मग मी उद्यमनगर काकांना फोन लावला (नंबर त्यांनी मेसेजमध्ये दिला होता), शाफ्ट खिशात घालून कोल्हापूरला गेलो.

उद्यमनगर
आता पुढचं मी सांगतो. आला तेव्हा शाफ्ट रुमालात, रुमाल डबीत, डबी शर्टच्या खिशात आणि खिशावर हात. अशी पोरं असली की कॅमेरे टिकतात.

व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून डायल (वाकडेपणा काट्यावर दाखवणारं मापक) लावला. नॉबच्या टोकाला एका फेऱ्यात काटा पाऊण मिलिमीटर फिरत होता. सरळ करताना घाई केली की संपलं. जिथे सगळ्यात जास्त उचललंय ती जागा वर करायची, खाली दोन बाजूंना पितळेचे ठोकळे आणि हँडप्रेसने एवढंसं दाबायचं. सोडलं की तो परत थोडा उठतो. परत डायल. परत एवढंसं. सतरा वेळा झालं असेल, चहा गार झाला दोघांचा. शेवटी काटा दोन शतांशावर थांबला. त्यापुढे गेलो नाही, पुढे जाण्यात लोभ असतो.

ठाणेलोकल
मी ऑफिसात बसून हे वाचलं आणि शेवटी श्वास सोडला.

बारा_फ्रेम
मग पॅनल? सरळ आलं का आपोआप?

कऱ्हाडचा_धनू
तेच सांगतो. शाफ्ट बसवला, थोडं नवीन ग्रीस, जुनं सगळं पुसून. नॉब असा फिरायला लागला की मी तिथेच अप्पांना व्हिडिओ कॉल लावणार होतो. मेकॅनिक काका म्हणाले थांब. व्हर्नियर लावला. डावीकडे २०.५, उजवीकडे २०.८. म्हणजे फरक कमी झाला पण गेला नव्हता. नॉब मात्र लोण्यासारखा! सातासमुद्रापार, तुमच्या त्या काकांचं वाक्य तिथे आठवलं. मी एकटा असतो तर याच क्षणी खूश होऊन घरी आलो असतो.

पुढचं पॅनल ज्या स्क्रूंनी धरलंय ते मार बसून किंचित सरकले होते. त्यांनी ते सैल केले, पॅनलमागे दोन्ही बाजूंना एकाच जाडीच्या पट्ट्या घातल्या, पॅनल त्यांच्यावर दाबून धरलं आणि स्क्रू आळीपाळीने आवळले, एक इकडचा एक तिकडचा. परत मोजलं. २०.६५ आणि २०.७. मग घोटीव काच लावून समोरच्या इमारतीच्या गजांवर बघितलं, एफ २.८ ला डावी कड उजवी कड दोन्हीकडे गज सारखे.

हूडचा चेपा तसाच ठेवलाय. नॉबच्या कडेला पडल्याची खोक आहे ती पण.

लालदिवा
आणि ती फिल्म? पडल्यानंतरच्या पाच फ्रेम?

कऱ्हाडचा_धनू
धुतली काल, अप्पांबरोबर, बाथरूममध्ये खिडकीला काळा कपडा लावून. त्यांनी टाकीत फिल्म चढवली, माझ्याकडून रीळवर चढत नव्हती. डेव्हलपर डी ७६, वीस डिग्रीला आणायला बर्फाचे दोन खडे.

पडायच्या आधीच्या चार फ्रेम, ज्या अप्पांनी काढलेल्या, कडेपासून कडेपर्यंत धारदार. नंतरच्या पाचात जास्वंद आणि भाचीचा फोटो एफ २.८ ला होता, त्यात मधलं चांगलं आणि डावीकडची तुळस विरघळल्यासारखी. लालदिवा ताई, तुम्ही कागदावर मांडलंत तसंच फिल्मवर आलंय. शेवटचा अप्पांचा फोटो उन्हात एफ ११ ला, त्यात काहीच कळत नाही, छान आलाय.

अप्पांनी निगेटिव्ह उजेडाला धरून बराच वेळ तुळस बघितली. मग कॅमेरा मागितला, नॉब पुढे मागे केला आणि भाचीला म्हणाले, ये, तुला यात बघायला शिकवतो.

देवगड_हापूस
टेबलावर नको, जमिनीवर बसून शिकवा म्हणावं.

ठाणेलोकल
धनू, मेकॅनिक काका नवीन काम घेतात का? रोलायकॉर्डची घोटीव काचेची परीक्षा केली रविवारी. वर डोळे, खाली कान. बारा_फ्रेमनी सांगितलं तस्संच.

कऱ्हाडचा_धनू
घेतात, पण आधी चारही मापं मोजून ये, वरची खालची विसरू नकोस. मेसेज करतो पत्ता.